फळांच्या फ्रेंच टोस्टबद्दल काकूंचे जाहीर आभार

आदरणीय काकूंना सादर नमस्कार.

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरात बारा माणसे असताना मी शेगडीपाशी उभी न राहता सगळ्यांबरोबर टेबलाशी बसून चहा घेऊ शकले, ते केवळ आपल्यामुळे. मिशिगनमध्ये आयुष्य काढलेल्या आपल्याकडून मिळालेली, आदल्या रात्री ब्रेड अंडी-दुधात भिजवून सकाळी ओव्हनमध्ये भाजायच्या फ्रेंच टोस्टची ही विद्या इकडच्या इतर मराठी घरांतही पोहोचावी, म्हणून हे आभार चारचौघांत मानत आहे.

कृती कोठेही मिळते. आपण मात्र फोनवर प्रत्येक पायरीमागचे कारण समजावून सांगितलेत. ताजा ब्रेड दूध पुरते शोषून न घेता लगदा होतो, म्हणून ब्रियोशसारखा (लोणी-अंडी घातलेला) भरीव ब्रेड जाड कापून काही तास उघडा सुकू द्यावा, आणि तेवढी सवड नसेल तर मंद ओव्हनमध्ये दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, हे मला त्यापूर्वी कोणी सांगितले नव्हते. ९ बाय १३ इंचांच्या भांड्याला सुमारे ४५० ग्रॅम ब्रेड, ८ अंडी आणि ३ कप दूध हे आपले प्रमाण अचूक बसले. साखर, व्हॅनिला, दालचिनी आणि चिमूटभर मीठ घालून केलेले हे मिश्रण ब्रेडवर ओतून, भांडे झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले की सकाळपर्यंत प्रत्येक तुकडा आतपर्यंत भिजतो. कच्च्या अंड्यामुळे भांडे रात्रभर ओट्यावर ठेवायचे नाही, फ्रिजचे तापमानही ४ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचे नाही, ही ताकीद आपण दोनदा दिलीत, ते बरे केलेत.

फळांविषयी आपण जे सांगितलेत, त्याला तर तोड नाही. सफरचंदाच्या फोडी लोणी व ब्राउन शुगरवर आधी परतून तळाशी पसराव्यात, म्हणजे त्या कचकचीत राहत नाहीत आणि त्यांचा पाक खालून ब्रेडमध्ये मुरतो. उन्हाळ्यात साउथ हेवनच्या बागांतून आणून गोठवलेल्या ब्लूबेरी मात्र सकाळीच, बर्फ वितळू न देता वर घालाव्यात, नाहीतर रात्रभरात सगळे जांभळे होते. ताजे अननस दुधात घालू नये, कारण त्यातले विकर (एन्झाइम) दुधातील प्रथिने तोडते आणि चव कडवट होते. डब्यातले अननस चालते, कारण डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने ते विकर निकामी झालेले असते. (हे ऐकून आमच्या घरातील अननसप्रेमींची थोडी निराशा झाली.)

काचेचे भांडे फ्रिजमधून थेट तापल्या ओव्हनमध्ये गेले तर तडकू शकते, म्हणून ओव्हन तापेपर्यंत ते बाहेर ठेवले. अक्रोड, ओट्स आणि लोण्याचा चुरा आपल्या सांगण्याप्रमाणे त्याच वेळी वर पसरला. रात्री घातला असता तर तो भिजून मऊ पडला असता. ३५० अंश फॅरनहाइटवर अर्धा तास फॉइल लावून आणि नंतर वीसेक मिनिटे उघडे भाजल्यावर मध्यभागी तापमान १६० अंश फॅरनहाइट झाल्याची खात्री करून घेतली. कडा कुरकुरीत आणि आत मऊ, असा तो टोस्ट मुलांनी मेपल सिरपची वाटसुद्धा न पाहता संपवला. अंडे न खाणाऱ्या आत्याबाईंसाठी पोहे केले होते. बिनअंड्याचा टोस्ट करण्याच्या भानगडीत पडू नये, हे आपले मत मला पूर्ण पटले.

ऑगस्टमध्ये ताजे पीच आले की पुन्हा करण्याचा विचार आहे. पीचला रस फार सुटतो, म्हणून दूध अर्ध्या कपाने कमी करावे, असा माझा अंदाज आहे. तो बरोबर आहे का, एवढे कृपया कळवावे.

लोभ आहेच, तो वाढावा, ही विनंती.

आपली नम्र,
मिशिगनमधील एक गृहिणी