जुनी गाडी घेताना कराचे पैसे बाजूला ठेवा

महोदय,
ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातून शेकडो मुले अमेरिकेत शिकायला येतात आणि वर्षभरात जुनी गाडी शोधू लागतात. घरचे गाडीची किंमत विचारतात, करांचे कुणी विचारत नाही.

माझ्या भाच्याने न्यू जर्सीत राहून शेजारच्या डेलावेअरमधून आठ हजार डॉलरची गाडी आणली. तिथे विक्रीकर नाही, म्हणून तो खूश होता. पण कर गाडी जिथे नोंदवाल त्या राज्याचा लागतो. न्यू जर्सीचा दर ६.६२५ टक्के, म्हणजे ५३० डॉलर. विद्यार्थ्याचा महिन्याचा किराणा आणि वर थोडे!

ओरेगॉन, माँटॅना, न्यू हॅम्पशायरमध्येही विक्रीकर नाही. ॲरिझोना आणि नेवाडात मालकाकडून थेट घेतलेल्या गाडीवर तो लागत नाही, डीलरकडून घेतली तर लागतो. कॅलिफोर्नियात मात्र किमान ७.२५ टक्के, मग विकणारा कुणीही असो.

टेक्सासची गोष्ट वेगळी. तिथला दर ६.२५ टक्के, पण मित्राने गाडी स्वस्तात दिली, तरी सरकारने धरलेल्या किमतीच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी रकमेवर कर सहसा आकारत नाहीत. दहा हजारांची गाडी सहा हजारांत मिळाली, तरी कर आठ हजारांवर, ५०० डॉलर. कागदावर किंमत कमी दाखवायचा सल्ला देणारे भेटतात, त्यांचे अजिबात ऐकू नये. परदेशात व्हिसावर राहणाऱ्या मुलाला असली लबाडी फार महागात पडू शकते.

इथल्या महाराष्ट्र मंडळांनी नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागत-कार्यक्रमात या विषयाला दहा मिनिटे द्यावीत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, एडिसन (न्यू जर्सी)