अंगणवाडीची तपासणी काट्यापासून करा

महोदय,
पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल अ‍ॅपवर किती बालकांची नोंद झाली, एवढ्यावरच अंगणवाडीचे काम बहुतेकदा जोखले जाते. मोजमाप कसे झाले, हे क्वचितच कोणी विचारते. दोन वर्षांखालील बाळाची लांबी झोपवून, त्यापुढच्या मुलाची उंची उभे करून घ्यायची असते. यात अदलाबदल झाली तर सुमारे ०.७ सें.मी.चा फरक पडतो आणि काठावरच्या मुलाची पोषणश्रेणी बदलते. काटा शून्यावर न आणणे, जाड कपडे न उतरवणे, गुडघे वाकलेले राहणे या तर रोजच्याच चुका. सहा महिने ते पाच वर्षे वयात दंडघेर ११.५ सें.मी.पेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण. पण पट्टी घट्ट ओढली तर धडधाकट मूलही त्यात मोडू शकते!

बीड, धाराशिवकडची मुले दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर उसाच्या फडावर जातात. तिथे त्यांचे वजन झाले का, हे गावातली टक्केवारी पाहून कळत नाही. स्थलांतरितांचा रकाना वेगळा तपासावा. पर्यवेक्षिकेने दर भेटीत पाच मुले स्वतः पुन्हा मोजून फरक नोंदवावा. पूर्वशालेय शिक्षण तपासतानाही भिंतीवरचे तक्ते मोजू नयेत, मुले काय करतात ते अर्धा तास बसून पाहावे.

— अंगणवाडी क्षेत्रातील कार्यकर्त्या, बीड