तांत्रिक म्हणजे भोंदूबाबा नव्हे

संपादक साहेब, नमस्कार.

मी सिडकोत राहतो, अंबडच्या एका कंपनीत लेथवर आयुष्य गेलं, आता रिटायर आहे. तुमचा पेपर घरी रोज येतो. त्यात अधूनमधून 'तांत्रिकाला बेड्या' असं हेडिंग दिसतं आणि दरवेळी मनाला लागतं. त्या माणसाला शिक्षा झालीच पाहिजे, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे. माझं म्हणणं 'तांत्रिक' ह्या एका शब्दाबद्दल आहे, कारण मी स्वतः तंत्रसाधना करतो. गुप्तधन, पैशाचा पाऊस, लिंबू-टाचण्या ह्याला मराठीत भोंदूगिरी म्हणतात, मग तोच शब्द छापा ना.

ह्या शब्दाने माझ्या घरात काय झालं ते सांगतो. मुलीला बघायला पाहुणे आले होते, पोहे खाता खाता मुलाच्या काकांनी विचारलं, "तुम्ही तंत्राचं काहीतरी करता म्हणे?" आमच्या हिने त्यांना देवघरासमोरचं माझं आसन दाखवलं, म्हणाली, पहाटे साडेचारला इथे बसतात, सहाला उठून दोघांचा चहा ठेवतात, एवढंच आहे. त्या लोकांचा परत फोन आला नाही.

आणि खरंच एवढंच आहे. आधी भूतशुद्धी, म्हणजे पायापासून गुडघ्यापर्यंत पृथ्वी, मग जल, अग्नी, वायू, वर टाळूपर्यंत आकाश, एकेक तत्त्व पुढच्यात विरवत न्यायचं. मग न्यास, मंत्र म्हणत शरीराच्या एकेका जागी हात ठेवायचा, कारण तंत्रात शरीर टाकायची वस्तू नाही, तेच देऊळ आहे. शेवटी अजपा, श्वास आत येताना सो, बाहेर जाताना हं. दिवसाचे २१,६०० श्वास असं परंपरा सांगते, ते सगळे जपच, फक्त लक्ष पाहिजे. थर्ड शिफ्टला जॉब चकमध्ये लावला की मशीनचा एकसारखा आवाज सुरू व्हायचा, अंगाला कूलंटचा वास, आणि त्या आवाजाखाली सोहं चालू असायचं, रात्र कधी संपली कळायचं नाही. दारू मी त्याच काळात सोडली, कोणी शपथ घातली नव्हती, श्वासाकडे बघता बघता नकोशीच झाली.

काश्मीरच्या शैव परंपरेत विज्ञानभैरव नावाचा ग्रंथ आहे, त्यात ११२ धारणा, म्हणजे मन एकाग्र करायच्या रीती, मोजतात. जेवणातला आनंद, खूप दिवसांनी भेटलेला माणूस, अगदी शिंक यायच्या आधीचा आणि नंतरचा क्षणसुद्धा त्यात धारणेसाठी सांगितलाय. संसार सोडून कुठे जायला सांगत नाहीत, आहे तिथेच जागं व्हा म्हणतात. मद्य, मांस वगैरे पंचमकार आहेत, ते पूजेत खरोखर वापरणारा वाममार्ग आहे, ते मी लपवत नाही, पण दक्षिणमार्गात ती सगळी प्रतीकं धरतात आणि आमच्या गुरुजींनी आम्हाला तेच शिकवलं.

हे नाशिककरांना परकं वाटू नये ह्याचं जास्त वाईट वाटतं. नाथपंथाचं तंत्राशी जवळचं नातं आहे, आणि ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तीनाथांना त्याच पंथाची दीक्षा दिली असं आपण मानतो, पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला लाखो वारकरी येतात ते त्यांच्याच समाधीला. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढून बघा, कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू वेटोळं घालून निजावं तशी कुंडलिनी, म्हणजे शरीरात निजलेली शक्ती, माऊलींनी दाखवलीये. सिंहस्थाच्या वेळी नाथपंथी जोगी त्र्यंबकहून मंगळूरच्या कदरी मठापर्यंत पायी जातात. आणि वणीच्या गडावरची अठरा हातांची आई तर शक्तीच आहे, तिला कोणी घाबरतं का?

दुसरी गोष्ट, सिंहस्थ तोंडावर आलाय, आता 'तीन दिवसात कुंडलिनी जागृत' असे फ्लेक्स लागतील. माझा भाचा अशाच एका शिबिरात फी भरून गेला, त्यांनी पहिल्याच दिवशी जबरदस्ती कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, करायला लावला, दोन महिने झोप नव्हती पोराला. शेवटी डॉक्टर आणि रात्री पायी फिरणं, ह्यानेच बरा झाला. मला गुरुजींनी तीन वर्षं नुसता श्वास बघायला लावला होता, कुंभकाचं नावही काढू दिलं नाही. अशा शिबिरांची बातमी तुम्ही जरूर घ्या, फीचे आकडे छापा, शिकवणाऱ्याने स्वतः कोणाकडे आणि किती वर्षं शिकलं ते त्याला विचारून छापा. फक्त हेडिंगमध्ये तांत्रिक लिहू नका साहेब, भोंदूबाबा लिहा. धाकटीसाठी ह्या दिवाळीनंतर स्थळं बघायला लागणार आहोत.

आपला,
एक नियमित वाचक, सिडको, नाशिक