सुध्या, सात रुपयांत नक्की काय मिळतं?

ठाणे,
20 एप्रिल 2025

प्रिय सुध्या,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. फोन करणार होतो, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि आकड्यांची चर्चा तोंडी केली की शेवटी ज्याचा आवाज मोठा तोच जिंकतो. म्हणून लिहितोय. एकदा शांतपणे वाच, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल.

तुझं म्हणणं असं, की व्होडाफोन आयडियाचं 36,950 कोटींचं देणं सरकारने शेअरमध्ये वळवून घेतलं, म्हणजे कर्ज तेवढ्याने उतरलं. मग भाव अजून सातच्या आसपास का घुटमळतोय? आणि एवढा स्वस्त मिळतोय तर आणखी वीस हजार शेअर घेऊन आधीच्या दहा हजारांची तेरा रुपयांची सरासरी खाली का आणू नये?

आमच्या लोकलच्या ग्रुपमध्ये महिनाभर हाच विषय आहे. 1 एप्रिलला भाव एका दिवसात जवळपास वीस टक्के चढला तेव्हा तर घाटकोपर येईपर्यंत कुणी दुसऱ्या विषयाला हात लावला नाही. एक जण अकरापासून ‘ॲव्हरेज’ करत खाली आलाय. तो सगळ्यांना ठणकावून सांगतो, ‘सरकार आता मालक आहे, बुडू देईल का?’ दुसरा आरकॉमचं, म्हणजे अनिल अंबानींच्या बुडालेल्या रिलायन्स कम्युनिकेशन्सचं, नाव काढून त्याला रोज छळतो. तिसऱ्याला आकड्यांशी देणंघेणं नाही. ‘सात रुपयांचा शेअर, जाऊन जाऊन किती जाणार?’ एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. तुझ्या मेसेजमध्ये मला हे तिघंही ऐकू आले.

आधी तिसऱ्याचं बघू, कारण तिथेच सगळे फसतात. ऑगस्ट 2018 मध्ये आयडिया आणि व्होडाफोन एकत्र आल्या तेव्हा भाव पन्नाशीच्या आसपास होता, हे तू मला मागेही ऐकवलंस. खरं आहे. पण तेव्हा शेअर होते साधारण 873 कोटी. 2019 मध्ये राइट्स आला, म्हणजे जुन्या भागधारकांनाच देऊ केलेले नवे शेअर, साडेबारा रुपयांनी 2,000 कोटी शेअर. फेब्रुवारी 2023 मध्ये सरकारला व्याजाच्या बदल्यात दिले 1,613 कोटी. एप्रिल 2024 मध्ये 18,000 कोटींचा एफपीओ झाला, म्हणजे लोकांना पुन्हा नवे शेअर विकले, अकरा रुपयांनी, आणखी 1,636 कोटी शेअर. अधूनमधून प्रवर्तकांना, म्हणजे बिर्ला आणि व्होडाफोनला दिले, नोकिया-एरिक्सनला त्यांच्या थकबाकीपोटी दिले. आणि या महिन्यात सरकारला पुन्हा 3,695 कोटी. आता एकूण शेअर झाले 10,834 कोटी.

आता तूच गुणाकार कर. तेव्हा 873 कोटी गुणिले पन्नास, म्हणजे चव्वेचाळीस हजार कोटींच्या आत. आज 10,834 गुणिले सात, म्हणजे पंचाहत्तर हजार कोटींच्या वर. ज्या कंपनीला तू ‘पन्नासवरून सातवर आपटलेली’ म्हणतोस, तिला बाजार आज तेव्हापेक्षा जास्त किंमत देतोय, आणि तीही निम्मे ग्राहक गमावल्यावर! एकत्र आल्या तेव्हा चाळीस कोटींच्या वर ग्राहक होते, डिसेंबर अखेर वीस कोटींपेक्षा थोडे कमी. पुन्हा पन्नास व्हायचा असेल तर कंपनीची किंमत सव्वापाच लाख कोटींच्या वर जायला हवी. तुझ्या डोक्यात पन्नास हा आकडा आहे ना, तो दुसऱ्याच कंपनीचा समज.

आता कर्ज. ग्रुपमधली निम्मी भांडणं होतात ती ‘कर्ज’ म्हणजे कुठलं हे न विचारल्यामुळे. कंपनी निकालाच्या वेळी सांगते की बँकांचं कर्ज घटलं, आणि ते खरंच घटलंय: डिसेंबर 2024 अखेर जेमतेम 2,330 कोटी. हे वाचून आपला ॲव्हरेजवाला नाचतो. पण खरा डोंगर बँकांचा नाहीच, सरकारचा आहे. स्पेक्ट्रमचे (सरकारकडून घेतलेल्या लहरींचे) हप्ते आणि एजीआरची, म्हणजे ज्या उत्पन्नावर परवाना शुल्क लागतं त्याच्या हिशेबाची, थकबाकी मिळून गेल्या सप्टेंबरअखेर दोन लाख कोटींच्या वर होती. एजीआरचं प्रकरण तुला माहीत आहे. भाडं, व्याज, भंगाराची विक्री असली किरकोळ उत्पन्नंसुद्धा परवाना शुल्काच्या हिशेबात धरायची की नाही, यावर वर्षानुवर्षं खटला चालला आणि 24 ऑक्टोबर 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. कंपनी म्हणत होती आमच्याकडे साडेएकवीस हजार कोटी निघतात, दूरसंचार खात्याने काढले 58,254 कोटी. मूळ रकमेपेक्षा व्याज आणि दंडच जड. त्यानंतर 2021 मध्ये कुमारमंगलम बिर्लांनी कॅबिनेट सचिवांना पत्र लिहून आपला हिस्सा सोडायची तयारी दाखवली, तेव्हा कुठे सप्टेंबरात हप्ते चार वर्षं लांबवायची सवलत मिळाली. ती सवलत आता संपत आलीय.

मार्चअखेर जे झालं त्याला मी ‘कर्ज फेडलं’ म्हणणार नाही. गावाकडे सावकाराने पैशांऐवजी सातबाऱ्यावर नाव चढवून घ्यावं, तसं ते आहे. देणं गेलं, पण शेतात वाटेकरी आला. तुझ्या दहा हजार शेअरमागे कंपनीचा जितका तुकडा मार्चमध्ये होता, त्याचा आता दोन-तृतीयांशच उरलाय. सरकार 48.99 टक्क्यांवर गेलं आणि तरी कारभार बिर्ला आणि व्होडाफोनकडेच राहिला, म्हणजे पंचवीस टक्क्यांच्या आसपास हिस्सा असलेल्यांकडे.

आता तुझ्या बाजूची गोष्ट, म्हणजे मी नुसता किरकिऱ्या म्हातारा आहे असं तुला वाटायला नको. हा सौदा तुझ्या दृष्टीने वाईट नव्हता, चांगला होता! बाजारात भाव पावणेसातच्या आसपास असताना सरकारने दहा रुपयांनी शेअर घेतले. म्हणजे पंचवीस हजार कोटींचा माल घेऊन जवळपास सदतीस हजार कोटींचं देणं खोडलं. इतका उदार सावकार कुणी पाहिलाय? यात उदारपणाचा भाग किती ते सोड. कायद्याने कंपनीला दर्शनी मूल्याच्या, म्हणजे शेअरच्या कागदावरच्या मूळ किमतीच्या, खाली शेअर देता येत नाहीत आणि इथे दर्शनी मूल्य दहा आहे. 2023 मध्येही दहाच लावला होता. ही खुबी ग्रुपमध्ये कुणाच्याच लक्षात आली नव्हती. मी सांगितल्यावर ॲव्हरेजवाल्याने मला वडापाव दिला, त्यामुळे पुढचं बोलायला जरा जड गेलं.

पुढचं असं. हीच युक्ती पुन्हा वापरता येईल का? 49 च्या जवळ सरकार पोचलंय. 51 झालं की कायद्याच्या भाषेत ती सरकारी कंपनी. बीएसएनएल गळ्यात असताना दुसरी कोण घेईल? उरलेलं देणं मात्र दीड लाख कोटींहून बरंच जास्त आहे आणि मार्च 2026 पासून नुसत्या एजीआरचा वार्षिक हप्ता सोळा हजार कोटींच्या वर बसतो. स्पेक्ट्रमचे हप्ते वेगळे. कंपनीच्या धंद्यातून हाती येतात तिमाहीला 2,450 कोटी, म्हणजे वर्षाला दहा हजारांच्या आतबाहेर. त्यातून टॉवर, फाइव्ह-जी, सगळं. मुंबईत आत्ता मार्चमध्ये त्यांची फाइव्ह-जी सुरू झाली. जिओ-एअरटेलने 2022 मध्ये केली होती.

तू म्हणशील, दर वाढतील. वाढतीलच, गेल्या जुलैत वाढले तसे. डिसेंबरच्या तिमाहीत दर ग्राहकामागे महिन्याला यांना 173 रुपये मिळत होते, एअरटेलला 245. दहा रुपये वाढले आणि वीस कोटी ग्राहक टिकले तर वर्षाला 2,400 कोटी जास्त. खड्डा भरायला असे बरेच दहा रुपये लागतील, आणि दर वेळी ग्राहक टिकला पाहिजे. माझा नंबर ऑरेंजच्या जमान्यातला आहे, तो मी सोडणार नाही. पण नंबरावर जीव असलेली माझ्यासारखी माणसं संपत चालली. आमच्या घरातली पुढची पिढी केव्हाच दुसरीकडे गेली.

‘सरकार बुडू देणार नाही’ हे मलाही पटतं. बाजारात दोनच खासगी कंपन्या उरणं सरकारला नको आहे, आणि पैसेही अडकलेत. पण सरकार वाचवेल ती कंपनी. कंपनी वाचणं आणि तुझे एक लाख तीस हजार वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आतापर्यंत प्रत्येक वेळी कंपनी वाचली ती नवे शेअर छापूनच. आरकॉमचं उदाहरण मला इथे लागू वाटत नाही, तिथे बँका होत्या, इथे सरकार आहे. छळणाऱ्यालाही मी हे सांगितलं, त्यालाही राग आला.

तर तुझं काय? सरासरी तेरावरून नऊवर आणण्यासाठी तू आणखी एक लाख चाळीस हजार घालणार. नऊ होण्यासाठीही आजच्या भावात तीस टक्के वाढ हवी, आणि तोवर पैसे तिथेच. हे पीएफचे पैसे आहेत हे वहिनींना माहीत आहे का? नसेल तर आधी त्यांना सांग, मग माझ्याशी वाद घाल. माझं मत विचारशील तर नवा एक रुपयाही घालू नकोस. आहेत ते दहा हजार ठेवायचे तर ठेव, लॉटरीचं तिकीट म्हणून. त्यातले निम्मे काढलेस तरी मला वाईट वाटणार नाही. मी स्वतः एफपीओत अकराला घेतले होते आणि पंधराच्या वर सगळे विकले, तेव्हा आज माझं काही अडकलेलं नाही. म्हणून बोलणं सोपं जातंय, हेही लिहून ठेवतो.

पुढच्या महिन्यात चौथ्या तिमाहीचे आकडे येतील. त्यात दोन गोष्टी बघ: ग्राहक किती गेले, आणि बँकांनी नवं कर्ज दिलं का. सरकारी देणं कमी झाल्यावर तरी बँका पुढे येतात का, यावरून मला भावापेक्षा जास्त कळेल. तोवर मोबाइलवरचं ते भावाचं ॲप जरा बंद ठेव.

अण्णांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. मे महिन्यात साताऱ्याला येतोय, कंदी पेढे तुझ्याकडून.

तुझा,
विन्या