पैशांचं आम्ही बघतो, खाटेचं सरकारने बघावं

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सादर नमस्कार.

मी नागपूरची. एका शाळेत शिकवते. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये, अडतिसाव्या आठवड्यात, माझी मुलगी पोटातच गेली. तिचं नाव आम्ही ठेवलेलं आहे. ते घरातच घेतो, म्हणून इथे लिहीत नाही.

तिच्या जाण्याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. वारेतून तिला पुरेसं रक्त मिळत नव्हतं, असं नंतरच्या तपासणीत निघालं. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या तीन दिवसांबद्दल.

ठोके लागत नाहीत म्हटल्यावर माझ्या सासऱ्यांनी डॉक्टरांपुढे हात जोडले, सिझर करून हिला मोकळी करा. डॉक्टरांनी नीट समजावलं की आता आईच्या पोटावर टाके घालण्याची जोखीम कशासाठी घ्यायची, पुढचं बाळंतपणही बघायला हवं. कळा येण्याची औषधं सुरू झाली. त्या कळा तशाच असतात, साहेब. बाळ जिवंत नाही म्हणून एकही कळ कमी येत नाही. बावीस तास लागले.

बाळंत झाले तेव्हा खोलीत कोणी बोललं नाही. मावशींनी बाळ हिरव्या कापडात गुंडाळलं आणि जाता जाता माझ्या कपाळावरून हात फिरवला. म्हणाल्या, "पाहू नको वो बाई, मग विसरता नाही येत." त्या मायेनंच बोलल्या. पण पाहायचंय का, हे मला कोणी विचारलं नाही, आणि मागून घेण्याचं बळ माझ्यात नव्हतं. माझा नवरा आणि भाऊ तिला घाटावर घेऊन गेले. अकरा महिन्यांनी एका रात्री नवऱ्याने सांगितलं की तिच्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब होतं. माझं आहे तसंच. तोवर हे एवढंही मला माहीत नव्हतं.

मला बाळंतिणींच्या वॉर्डात हलवलं. दोन्ही बाजूंना पाळणे. तिसऱ्या दिवशी पान्हा आला. शेजारचं बाळ रडलं की माझा गाऊन भिजायचा. पाळी बदलली की नवी सिस्टर यायची आणि सवयीने विचारायची, "बाळ कुठंय? पाजलं का?" दोन दिवसांत चार वेळा मी तेच उत्तर दिलं. चौथ्या वेळी त्या सिस्टरच माझ्या खाटेवर बसून रडल्या. त्यांचा काय दोष? माझ्या केसपेपरवर वर दिसेल अशी एकही खूण नव्हती.

पुढच्या दिवाळीत मी आणि माझ्यासारख्या आणखी चौघींनी मिळून चकल्या, अनारसे, बेसनाचे लाडू विकायला सुरुवात केली. डब्यावर चिठ्ठी लावली की हे पैसे ज्यांचं बाळ जन्मायच्या आधी गेलं त्या आईबापांसाठी आहेत. काहींनी डबा परत ठेवला. सणासुदीला असं काही घरात नको, म्हणाले. एका ओळखीच्या गृहस्थांनी, अशा गोष्टीला कसला निधी, त्यापेक्षा अन्नदान करा, असा सल्ला दिला. आणि नागपूरच्या महाल भागातल्या एक आजी रिकामा डबा परत द्यायला आल्या, तेव्हा माझ्या हातात पाचशेची नोट कोंबून उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "माझा मुलगा होता. एकाहत्तर साली. सुनांना ठाऊक नाही." एवढं बोलून जिना उतरून गेल्या. पन्नास वर्षांहून जास्त काळ त्या बाईने हे एकटीने सांभाळलं होतं.

पहिल्या वर्षी ४१,३०० रुपये जमले. अशा आईबापांना दवाखान्यातच द्यायची एक पेटी ४१० रुपयांत बसते. साठ पेट्या केल्या आणि उरलेल्यातून एका समुपदेशक ताईंचे सोळा शनिवार. पेटीत मलमलचं दुपटं असतं, लोकरीचं टोपडं, पावलांचे ठसे घेण्यासाठी शाईचा पॅड आणि जाड कार्ड, जावळाची एखादी बट ठेवायला छोटं पाकीट. टोपडी तीन मापांची विणतो. सगळ्यांत लहान माप आम्ही संत्र्यावर घेतो, कारण अठ्ठावीस आठवड्यांच्या बाळाचं डोकं साधारण आपल्या एका मोठ्या संत्र्याएवढं असतं. विणणाऱ्या बायकांपैकी दोघी संत्रं हातात घेऊन पहिल्यांदा बसल्या तेव्हा बराच वेळ कोणी सुई चालवली नाही.

पेटीत एक छापील कागदही असतो, साध्या मराठीत. पान्हा आला तर काय करायचं, तो थांबवायला डॉक्टरांकडे औषध असतं, अंगावरून किती जाणं ठीक आणि कधी लगेच दवाखाना गाठायचा, ताप आला तर अंगावर काढायचा नाही. मनाच्या त्रासासाठी असलेल्या टेली-मानस या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक. आणि खाली ठळक अक्षरात रजेचा नियम. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात 'बालक' या शब्दाच्या व्याख्येतच मृत जन्मलेलं बालक धरलेलं होतं; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. सव्वीस आठवड्यांच्या आतला गर्भपात असेल तर सहा आठवडे सुट्टी. त्यापुढे बाळ मृत जन्मलं तरी ते बाळंतपणच, आणि त्याची रजा पूर्ण बाळंतपणाची. केंद्राने तर २ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्या महिला कर्मचाऱ्यांसाठी, बाळ मृत जन्मलं किंवा जन्मल्यावर लगेच गेलं तर साठ दिवसांच्या विशेष रजेचा वेगळा आदेश काढला. आमच्यातल्या एकीला तिच्या खासगी कार्यालयाने पंधराव्या दिवशी फोन केला होता, बाळच नाही तर सुट्टी कसली? कायदा तिच्या बाजूने होता. ते तिला सांगणारं कोणी नव्हतं.

बापाचं तर आपल्याकडे कुठे काही माझ्या पाहण्यात नाही. माझा नवरा चौथ्या दिवशी कामावर गेला. ब्रिटनमध्ये २०२० पासून, चोवीस आठवड्यांनंतर बाळ मृत जन्मलं तर नोकरदार आईबाप दोघांनाही दोन आठवड्यांची शोकरजा कायद्याने मिळते. तिथे अशा आईबापांची सॅन्ड्स नावाची संस्था १९७८ पासून काम करते, लोक तिच्यासाठी पळतात, चालतात, केक विकतात आणि निधी उभा करतात. आमच्या चकल्यांच्या डब्यामागे तीच माया आहे.

आता मूळ मुद्दा. गेल्या तीन वर्षांत मला एवढं कळलं की वर्गणीतून दुपटं येतं, टोपडं येतं, समुपदेशकाचं मानधन येतं. वर्गणीतून खाट हलत नाही. आई कुठल्या वॉर्डात झोपणार, तिच्या केसपेपरवर काय लिहिलं जाणार, तिला बाळ पाहायचंय का हे कोण विचारणार, या गोष्टी मी लाखभर रुपये जमवले तरी माझ्या हातात येत नाहीत. पेट्या घेऊन आम्ही दवाखान्यांच्या दारात गेलो की पहिला प्रश्न येतो, परवानगी कोणाची? एका ठिकाणी एका सिस्टरनी स्वतःच्या जबाबदारीवर पंधरा पेट्या कपाटात ठेवून घेतल्या. त्यांनी काढलेल्या ठशांचा एक फोटो, त्या आईच्या संमतीने, माझ्याकडे आहे. दोन निळी पावलं, प्रत्येक जेमतेम माझ्या अंगठ्याएवढं, डाव्याची टाच किंचित फरकटलेली. नंतर त्या सिस्टरची बदली झाली. सहा पेट्या त्याच कपाटात राहिल्या आणि नव्या प्रमुखांना त्या कशाच्या आहेत हेच ठाऊक नव्हतं.

आशाताईंचंही असंच. घरी जाऊन नवजात बाळाला तपासण्याची योजना २०११ पासून आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी येतात. चांगली योजना आहे. पण त्या सगळ्या भेटी बाळाच्या नावाने आहेत. बाळ नाही म्हणजे तक्ता नाही, तक्ता नाही म्हणजे भेट नाही. आमच्या भागातल्या आशाताई मला बाजारात भेटल्या तेव्हा नजर चुकवून म्हणाल्या, "यायचं होतं ताई, पण काय म्हणून येऊ?" आणि तिसरा दिवस हा नेमका पान्ह्याचा दिवस असतो. जिच्या कडेवर बाळ आहे तिच्या दारात त्या दिवशी कोणीतरी येतं. जिच्या कडेवर नाही तिला टाक्यांचं, तापाचं, झोप न येण्याचं विचारायला कोणी येत नाही.

आम्ही थोड्या नाही, साहेब. युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँकेच्या संयुक्त अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात भारतात सुमारे ३ लाख ४० हजार बाळं मृत जन्मली, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. केंद्राच्या २०१४च्या नवजात कृती आराखड्यात २०३० पर्यंत हे प्रमाण हजारामागे दहाच्या खाली आणण्याचं उद्दिष्ट आहे. ते गाठलं जावं, यासारखी दुसरी इच्छा नाही. पण ते गाठलं त्या वर्षीही हजारात आठ-नऊ घरं असतीलच, आणि त्या घरांसाठी आज आपल्याकडे एक ओळीची सूचनाही माझ्या पाहण्यात नाही.

मी मागते आहे ते एका परिपत्रकात मावेल. बाळ मृत जन्मलं त्या आईला बाळंतिणींपासून वेगळी खाट, खोली नसेल तर निदान पडदा लावलेला कोपरा. केसपेपरवर सगळ्यांना कळेल अशी एक खूण, म्हणजे "पाजलं का" हा प्रश्न पुन्हा कोणी विचारणार नाही. आईला आणि बापाला, दोघांनाही, बाळ पाहायचंय का, जवळ घ्यायचंय का, हे विचारणं. दाखवाच असं मी म्हणत नाही. काहींना नको असतं आणि तेही खरंच असतं. विचारा, आणि सकाळी नाही म्हटलं तर संध्याकाळी पुन्हा एकदा विचारा. डिस्चार्ज कार्डावर रजेचा नियम छापा. आशाताईंना बाळाशिवायही त्या घरात जाण्याचं काम नेमून द्या, आणि त्याचा मोबदला द्या. पुढच्या गरोदरपणात प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा लाभ अशा आईला नव्याने घेता येतो, हेही त्याच भेटीत सांगता येईल. कित्येकींना हे माहीतच नसतं.

नागपुरातलं डागा रुग्णालय आपल्या खात्याकडे आहे, मेडिकल आणि मेयो ही इथली दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, हे मला ठाऊक आहे. म्हणून परिपत्रक दोन्ही खात्यांनी मिळून काढावं, नाहीतर ते एका दारात थांबेल आणि दुसऱ्या दारात आम्हाला पुन्हा परवानगी विचारली जाईल.

आणखी एक गोष्ट, जी मला त्या आजींमुळे शोधावीशी वाटली. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात 'जन्म' या शब्दाचा अर्थ जिवंत जन्म किंवा मृतजन्म असा दिला आहे. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने माझी मुलगी जन्मली. हे वाक्य मी शाळेच्या वाचनालयात वाचलं आणि पुढचा तास घेऊ शकले नाही. दवाखान्यातही तिचा जन्म झालाय असं धरून तिच्या आईशी वागावं, एवढंच मला हवं आहे.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात याल. विधानभवनातली दहा मिनिटं मला द्यावीत. सोबत एक पेटी आणि परिपत्रकाचा दीड पानी मसुदा घेऊन येईन. यंदाच्या फराळाचे ५२,८०० रुपये जमले आहेत, त्यातून शंभर पेट्या तयार होत आहेत. त्या कोणत्या वॉर्डात, कोणाच्या ताब्यात द्यायच्या, तेवढं आपण लेखी कळवावं.

आपली विश्वासू,
एका मुलीची आई
नागपूर