आमच्या गल्लीतल्या ताईंना, तीन संध्याकाळींबद्दल

ताई, स. न. वि. वि.

तुम्ही मला शिकवलंत त्याबद्दल समोर भेटून आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं, काका" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर माझी 22 वर्षं गेली. पैसे नगावर, आणि नग मोजायचे खडूच्या रेघा मारून. एका पाळीत माझ्या रेघा आणि पेटीतले नग यांत 40 चा फरक आला. पैसे माझेच कापले गेले. त्या रात्री ठरवलं, मोजायचं काम आता यंत्राकडं द्यायचं. पुतण्याच्या सांगण्यावरून आर्डुइनो नॅनो बोर्ड, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम चालवणारी छोटी संगणक-पट्टी, मागवला आणि आठ दिवस तो वडगावच्या घरात कपाटावर पडून राहिला. लॅपटॉपला जोडला की दिवा लागायचा, पण लॅपटॉपला काय काय जोडलंय ते दाखवणाऱ्या पोर्टच्या यादीत त्याचा पत्ता नाही. बोर्डच खराब आला, असं मी धरून बसलो होतो.

तुम्ही आलात, केबल हातात घेऊन बघितली आणि भर पावसात घरी जाऊन दुसरी आणलीत. माझी नुसती चार्जिंगची होती. वीज पोचत होती, माहिती पोचत नव्हती.

त्यानंतरचं मी कधी विसरणार नाही. प्रोग्रॅम चढवताना खाली लाल अक्षरं आली. मी ती घाईनं बंद करायला गेलो, तर तुम्ही म्हणालात, "थांबा की, काय म्हणतंय ते वाचा." मराठी शाळेत शिकलेला माणूस मी, एकेक अक्षर लावून "नॉट इन सिंक" वाचलं, म्हणजे लॅपटॉप आणि बोर्डाचा मेळ बसत नाही. तुम्ही गप्प बसून वाट बघितलीत. मग मेनूत "ओल्ड बूटलोडर" (बूटलोडर म्हणजे आपला प्रोग्रॅम आत घेणारा, बोर्डातला छोटा प्रोग्रॅम) निवडायला लावलंत आणि प्रोग्रॅम चढला. तिन्ही संध्याकाळी तुम्ही कीबोर्डाला बोट लावलं नाही.

दिवा लुकलुकला, पण तुम्ही मला लगेच खूश होऊ दिलं नाही. नव्या बोर्डात हा दिवा लुकलुकवायचा प्रोग्रॅम बहुतेक वेळा आधीच भरलेला असतो, म्हणालात. मग मी थांबायच्या वेळेत 1000 मिलिसेकंदांच्या, म्हणजे एका सेकंदाच्या, जागी 100 लिहिलं. सेकंदाला एकदा बदलणारा दिवा भराभर उघडझाप करायला लागला. माझ्या हातानं लिहिलेला आकडा तिथं चालत होता. अंगावर काटा आला, ताई. प्रोग्रॅमच्या दोन भागांपैकी सेटअप म्हणजे पाळीच्या सुरुवातीला एकदाच तेल घालणं आणि लूप म्हणजे नगामागून नग, हे मला त्या दिवशी पक्कं बसलं.

दुसऱ्या दिवशी सीरियल मॉनिटर, म्हणजे बोर्ड जे सांगतो ते लॅपटॉपवर दाखवणारी खिडकी. बोर्डाला आकडे सांगायला लावले, तर पडद्यावर चौकोन आणि प्रश्नचिन्हं. प्रोग्रॅममध्ये माहिती पाठवायचा वेग 9600 होता, खिडकीत 115200. तुम्ही वेग समजावायला लागलात आणि मी मधेच म्हणालो, आटे पाडताना गिअर चुकला की आटे बिघडतात, तसं ना? तुम्ही इतक्या मनापासून "अगदी तसंच" म्हणालात की आपल्यालाही यातलं कळतं, असं पहिल्यांदा वाटलं.

तिसऱ्या दिवशी बटण. एकदा दाबलं की कधी तीन मोजायचं, कधी चार. मी बटण बदलायला निघालो. तुम्ही म्हणालात, "अंदाज कशाला? त्यालाच विचारा की." प्रत्येक मोजणीपुढं मिलिसची, म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ती, वेळ छापली. एका दाबात चार ओळी आल्या, मधे दोन-तीन मिलिसेकंदांचं अंतर! आतली पत्री दाबल्यावर क्षणभर थरथरते, आणि सेकंदाला 1 कोटी 60 लाख ठोक्यांवर चालणाऱ्या बोर्डाला ती थरथर सुटी सुटी दिसते. एका दाबानंतर 50 मिलिसेकंद दुसरा मोजायचा नाही, एवढी एक अट घातली आणि आकडा बरोबर आला.

आता बटणाच्या जागी लिमिट स्विच, म्हणजे यंत्राचा भाग टेकला की दाबला जाणारा स्विच, आहे आणि बोर्ड साबणाच्या डबीत. गेल्या आठवड्यात सहाही पाळ्यांत डबीचा आकडा आणि पेटीतले नग जुळले. पलीकडच्या लेथवरच्या अण्णांनाही तसंच पाहिजे म्हणून रोज जेवणाच्या सुट्टीत त्यांना कन्नडमधून शिकवतो. परवा त्यांच्या लॅपटॉपवर लाल अक्षरं आली. मी हात मागं घेतला आणि म्हणालो, वाचा.

तुमची केबल अजून माझ्याकडंच आहे. रविवारी सकाळी आणून देतो, घरी असा.

आपला,
गल्लीतला लेथवाला काका