१०८ वरच्या माणसांसाठी : मा. आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

२०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका राज्यात धावते आहे. आत एक डॉक्टर, एक पायलट, म्हणजे गाडीचा चालक. पेशंट कॅज्युअल्टीत सोपवला की स्ट्रेचर पुसायचं, ऑक्सिजन बघायचा, गाडी मोकळी झाल्याचं कळवायचं. तेवढ्यात पुढचा कॉल. आधीच्या केसमधलं पोर अर्ध्या वाटेत गेलेलं असलं, तरी पुढचा कॉल.

मी ग्रामीण भागात या गाडीवर डॉक्टर आहे. इकडे विषारी औषध घेतलेले पेशंट फार. फवारणीच्या औषधाचा उग्र वास कपड्यांना लागतो, घरी ताटावर बसलं तरी नाकातून जात नाही. स्ट्रेचरवर कधी ओळखीचाच माणूस निघतो. उशीर झाला म्हणून जमावाची पहिली थप्पड पायलटला बसते. रस्ता कुणी खराब ठेवला, हे तेव्हा कोण विचारतो? मग झोप उडते, घरच्यांवर चिडचिड होते, ड्यूटी सुटल्यावर कुणी ‘थोडी’ घेऊ लागतो. आम्ही ते हसण्यावारी नेतो.

१ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ जण गेले. तिथे मदतीला धावलेल्यांची नंतर कुणी विचारपूस केली का, हे आपण विभागाला जरूर विचारावं.

‘टेली-मानस आहे ना, १४४१६ लावा,’ असं उत्तर येईल. मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी फोन-सेवा चांगलीच आहे. पण पुढे जिल्हा रुग्णालयात मानसोपचारासाठी जायचं, तर केसपेपरच्या खिडकीपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळे आम्हाला ओळखतात. रोज पेशंट तिथेच आणतो. त्यात आम्ही कंत्राटी. गोळ्या चालू आहेत हे वर कळलं, तर उद्या स्टिअरिंग हातात राहील का, ही पायलटची धास्ती. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे, पण त्याच्या भरवशावर नोकरी पणाला कोण लावणार?

लहान मुलाचा मृत्यू, जळीत, आत्महत्या, मोठा अपघात, अशा केसनंतर त्या दोघांना पगार न कापता काही तास सुटी द्या. समुपदेशक दुसऱ्या जिल्ह्यातला असावा आणि त्याने कुणाचंही नाव ठेकेदाराला कळवू नये. हे करारातच लिहा. परिपत्रक नको, ते व्हॉट्सअ‍ॅपवर येतं आणि तिथेच राहतं.

गाडी थांबली तर जवळपास दुसरी नाही, हा आक्षेप खरा आहे. म्हणून प्रत्येक जिल्ह्यात डॉक्टर-पायलटच्या बदली जोड्या मंजूर करा. गाडी चालू राहू दे, माणसं बदलू देत.

आपला नम्र,
१०८ वरचा एक डॉक्टर